मोटर पांढरी पाचमध्ये गाते

गेल्या नोव्हेंबरात मला वाटलं, आमच्या भजनी मंडळाची पेटी उतरली.

पेटीचा भाता फाटला होता म्हणून ती दोन दिवस माझ्या दुकानात होती. भाता चिकटवून झाल्यावर संध्याकाळी मी पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, दाबून पाहिली. शेजारी टेबलावर तीन एचपीच्या मोनोब्लॉकची मोटर, पंपाची बाजू खोलून, चाचणीला लावली होती. तिचा सूर आणि पेटीचा खर्ज एकावर एक बसायला हवा होता. तो बसला नाही. दोघांच्या मधोमध आवाज डोलायला लागला, वांव-वांव, सेकंदाला दोनदा. दोन सूर अगदी जवळ असले पण एक नसले की असंच होतं, हे पेटी किंवा तंबोरा लावणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मोटरमध्ये तर काही बिघाड नव्हता. म्हणून मी पेटीला दोष दिला आणि दुसऱ्या दिवशी बसने ती यवतमाळला पेटीवाल्याकडे नेली. त्याने एकेक सूर यंत्रावर तपासला आणि म्हणाला, "भाऊ, पेटी सोळा आणे आहे. कायले उगाच पैसे खर्च करता?"

हे लिहायचं कारण तिथून सुरू होतं.

मी मोटर रिवायंडिंग करतो, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार पुन्हा गुंडाळतो. दारव्ह्याच्या बाजूला, डांबरी रस्त्याच्या कडेला आमचं टिनाचं दुकान आहे. १९९४ साली आयटीआयचं वायरमन करून मी उस्तादांच्या हाताखाली लागलो. पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला तांब्याच्या तारेला हात लावू दिला नाही. एक लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याचं टोक चालू मोटरच्या बेअरिंगच्या टोपीवर ठेवायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि काय ऐकू येतं ते सांगायचं. बेअरिंग गेली असेल तर खरखर येते. रोटरची, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाची, सळी तुटली असेल तर लोडवर आवाज हेलकावे खातो. तीन फेजपैकी, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी, एक गेला की मोटर आधी घोगरी होते, मग कण्हायला लागते, आणि कास्तकार धुऱ्यावरून पळत स्टार्टरपर्यंत येईतो वास सुटलेला असतो. अशी मोटर खोलली की स्टेटरमधल्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागातल्या, काही कॉइल कोळशासारख्या काळ्या आणि बाकीच्या नव्यासारख्या लाल दिसतात. ते पाहिलं की काय झालं ते विचारावं लागत नाही.

उस्ताद स्वतः पखवाज वाजवायचे. बिघाडांची ही सगळी यादी सांगून झाली की ते एकच गोष्ट पुन्हा सांगायचे: "चांगली मोटर पांढरी पाचमध्ये गाते. आधी तो सूर कानात बसव. मग बिमारी आपोआप ऐकू येते." आणि खरंच, मंडळाची दुहेरी सुरांची पेटी आणून त्यांनी मला ते दाखवलं होतं. खर्जाची पांढरी पाच आणि मोटरची गूं एकमेकांत अशा विरघळायच्या की पेटी कुठे संपते ते कळू नये. ते १९९५ किंवा ९६ साल असेल. तीस वर्षं मी त्या सुरावर मोटरी तपासत आलो. पेटी मात्र पुन्हा कधी जवळ आणून पाहिली नव्हती.

माझी पोरगी यवतमाळला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्या रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिने मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप उघडलं. पेटीच्या खर्जाच्या पांढरी पाचला आकडा आला ९८. मोटरला आला १००.

"बाबा, पेटी नाही उतरली. मोटर चढली."

मी म्हणालो, मोटर कशी चढेल? मोटरला काय पखवाजासारखी वादी आहे ओढायला?

मग आम्ही दोघं त्यामागे लागलो. आपल्या घरात येणारी लाईन सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. हा आकडा प्रत्येक मोटरच्या पाटीवर कोरलेला असतो, ५० हर्ट्झ. मोटरच्या आणि डीपीच्या (गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या) आतला लोखंडी गाभा प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला एकदा ताणला जातो. प्रवाह पुढे जावो की मागे येवो, लोखंडाला दोन्ही सारखेच. म्हणून ५० फेऱ्यांना १०० झटके, आणि जी गूं ऐकू येते ती १०० ची. पांढरी पाच खर्जात ९८ वर असते. तिथे अचूक बसायचं तर लाईन ५० ची नको, ४९ ची हवी.

आणि ती होतीच. नव्वदच्या दशकात आपल्याकडची लाईन ५० वर क्वचित असायची; बहुतेक वेळा ४९ च्या आसपास, संध्याकाळी तर त्याहून खाली. विजेची मागणी जास्त आणि निर्मिती कमी असली की वीज केंद्रांतली जनित्रं ओझ्याने मंदावतात, आणि त्यांच्यासोबत सगळी लाईन मंदावते. १ जुलै २००२ पासून, महाराष्ट्र ज्यात येतो त्या पश्चिम विभागात विजेच्या हिशोबाची पद्धत बदलली. लाईन मंदावलेली असताना कोणी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर त्याला चढा दर लागू लागला. तेव्हापासून आकडा हळूहळू सुधारत गेला. आज तो ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा नियम आहे.

म्हणजे उस्ताद अक्षरशः खरं बोलत होते. त्यांच्या काळात मोटर पांढरी पाचमध्येच गात होती. पुढे साऱ्या देशाची लाईन अर्ध्या सुराच्याही सुमारे तिसऱ्या हिश्शाने चढली आणि आमच्या टिनाखाली ती पेटीच्या शेजारी बसून ऐकू आली. उस्ताद २०११ साली गेले. हे त्यांना सांगता आलं असतं तर मी पायी गेलो असतो.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मला आता नीट समजली. लाईन ४८ वर आली की मोटरचा वेग चार टक्क्यांनी पडतो. चार टक्के म्हणजे काही नाही असं वाटतं. पण पंप किती उंच पाणी चढवतो ते वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे उंची आठ टक्क्यांनी पडते. एप्रिलमध्ये विहीर खोल गेलेली असताना ते आठ टक्के म्हणजे पाटात पाणी येणं आणि न येणं. मोटर फिरते, पाणी चढत नाही. कास्तकार रागाने मोटर काढून बैलगाडीत टाकून आणायचा: "मिस्तरी, वायंडिंग बराबर नाही केली तुम्ही." आम्ही पुन्हा खोलायचो, मोजायचो, सगळं बरोबर निघायचं. आम्हाला आवाज ऐकू येत होता, आणि तरी त्या माणसाला काय सांगावं ते कळत नव्हतं.

पोरीने मला जे समजावलं त्यात एक गोष्ट मनात खोल बसली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातलं जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं. कोयनेचं पाण्यावरचं चाक त्याहून कितीतरी सावकाश फिरतं, पण त्याला चुंबकाचे ध्रुव जास्त असतात, म्हणून दोघांची आवर्तनं सेकंदाला पन्नासच. आणि ती नुसती सारखी नसतात, पावलाला पाऊल लागलेली असतात. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तरेकडची लाईन आपल्या लाईनला जोडली गेली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन सुरू झाली आणि दक्षिणही याच तालात आली. आमच्या शिवारातल्या विहिरीवरची मोटर ज्या ठेक्यावर फिरते त्याच ठेक्यावर काश्मीर ते तमिळनाडू सगळं फिरतं. कुठे तरी मोठं ओझं पडलं तर सगळे मिळून किंचित मंदावतात, आणि कुठे तरी वाफेची झडप उघडून सगळ्यांना पुन्हा वर ओढलं जातं. नागपूरला अंबाझरीला या कामाचं एक केंद्र आहे. आकड्यावर नजर ठेवणारी माणसं तिथे रात्रंदिवस बसतात.

मला हे ऐकून आमचं भजन आठवलं. पन्नास टाळ एका वेळी वाजतात तेव्हा लय कोणा एकाच्या हातात नसते. म्हातारे टाळकरी थकले की सगळं भजन जड होतं, कोणी मुद्दाम मंद करत नाही. मग पखवाजी दोन बोल ठासून मारतो आणि लय उचलतो. पोरं जोशात आली की उलट, लय चढते आणि तिला धरून ठेवावं लागतं. ज्याने हे काम केलं आहे त्याला लाईनची वारंवारिता शिकवायला पुस्तक लागत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडे लय तुटली तशीच तुटली. एकामागून एक टाळ सुटले आणि कोट्यवधी लोक अंधारात गेले. आपला पश्चिमेकडचा भाग वेळेवर सुटा झाला म्हणून वाचला.

वारंवारिता हा शब्द मी पोरीच्या शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला. विज्ञानात वारंवारिता, गणितात वारंवारता, आणि मराठी विश्वकोशात कंप्रता. आमच्या मंडळात मात्र याला फार जुना शब्द आहे: पट्टी. "आज गळा बसला आहे, काळी दोन धरा" असं बुवा म्हणतात तेव्हा ते वारंवारिताच ठरवत असतात. लयीचीही वारंवारिताच असते, फक्त ती बोटांवर मोजता येते. सुराची मोजता येत नाही म्हणून आपण तिला उंची म्हणतो. टाळाचे ठोके सेकंदाला वीसच्या वर नेता आले तर ते ठोके राहणार नाहीत, त्यांचा सलग सूर लागेल. माणसाच्या कानाची खालची हद्द तिथे सुरू होते.

पट्टीवरून आठवलं. आमच्या ग्रुपवर दर महिन्याला एक मेसेज फिरतो की पेटी ४४० वर लावणं हे कारस्थान आहे, ४३२ वर लावली तर रोग बरे होतात. पांढरी सहा ४४० वर असावी हे १९३९ साली लंडनच्या एका परिषदेत ठरलं, आणि ते सोयीसाठी ठरलं, इथली पेटी तिथल्या बासरीशी जुळावी म्हणून. त्याआधी गावोगावी वेगळं होतं. ४३२ ने साखर उतरते याला काही आधार नाही. मी हे इतकं स्पष्ट लिहितो कारण आमच्या मंडळातल्या एका काकूंनी असले सूर ऐकत गोळ्या बंद केल्या होत्या. भजनाने मन हलकं होतं, हे मी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत पाहतो. गोळी ती गोळी.

उस्तादांच्या पखवाजाबद्दल थोडं लिहायलाच हवं. भजनाआधी त्यांच्या घरून वाटीत मळलेली कणीक यायची. ती ते डाव्या बाजूच्या पुडीवर अंगठ्याने थापायचे, थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा ऐकायचे. वजन वाढलं की कातडं सावकाश हलतं आणि आवाज खाली जातो. उजव्या बाजूला काळी शाई असते, ती कायमची. मला वाटायचं शाईसुद्धा फक्त आवाज खाली आणण्यासाठी आहे. पण साध्या कातड्यावर थाप मारली तर मूळ सुरासोबत जे वरचे सूर निघतात ते त्याच्या १.५९ पट, २.१४ पट असे वाकडेतिकडे असतात, म्हणून ढोलाचा नुसता धडाका होतो, त्यात सूर सापडत नाही. शाईचा थर मध्ये जाड आणि कडेला पातळ असा दिला की तेच वरचे सूर दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटीत येऊन बसतात आणि कातडं तारेसारखं गायला लागतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे शोधून जगापुढे मांडलं. हेच रामन तरुणपणी, १९१० च्या सुमारास, सरकारी हिशोब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपूरला होते. त्यांनी आपल्याकडचं एखादं भजन ऐकलं असावं असं मला फार वाटतं. ज्या कारागिराने पहिल्यांदा तो थर घोटला त्याचं नाव कुठेच नाही, आणि त्याने ते फक्त कानाने केलं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या भागात घराघरात आहे. पावसाळ्यात तिचं कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. मग चुलीच्या धगीवर फिरवून शेकायची, कोरडं कातडं ताणलं की पट्टी चढते. लहानपणी माझ्याकडे ते काम असायचं, आणि किती शेकायची हे आजी ओसरीवरून नुसतं ऐकून सांगायची.

दुकानात उस्तादांचा ट्रान्झिस्टर कायम नागपूर केंद्रावर लावलेला असायचा, ५८५ किलोहर्ट्झ. सेकंदाला पाच लाख पंच्याऐंशी हजार आंदोलनं, आणि एकेका लाटेची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या वर. त्याचा दुसरा उपयोगही होता. गावातली लाईन लपलप करायला लागली की उस्ताद तो रेडिओ स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावून खांबांखालून चालत जायचे. जिथे खरखर सगळ्यात मोठी, त्या खांबावर जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, ढिला. तिथे डोळ्यांना न दिसणारी ठिणगी पडत असते आणि ती रेडिओच्या लाटा फेकते. हाइनरिश हर्ट्झने जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात १८८७-८८ च्या सुमारास ठिणग्या पाडूनच या लाटा पहिल्यांदा दाखवल्या होत्या. तो १८९४ साली छत्तिसाव्या वर्षी गेला. १९३० साली त्याचं नाव या मापाला दिलं गेलं आणि आज ते माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गंजलेल्या पाटीवर आहे.

गणितातली वारंवारता मला आधी वेगळीच वाटायची. दुकानात मी एक वही ठेवतो, कोणत्या महिन्यात कोणाची मोटर कशाने जळली. पोरीने दहावीत असताना त्या वहीवरून खुणा मारून सारणी केली होती, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. तिच्या आलेखात दोन डोंगर आले. एक गहू-हरभऱ्याच्या ओलिताचा, दुसरा उन्हाळ्याचा. कारणांत सगळ्यात उंच खांब एक फेज जाण्याचा. तो खांब पाहून मी दुकानाबाहेर पाटी लावली, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बसवा, आणि ते बसवून घेणाऱ्या कास्तकारांकडून मजुरी कमी घेऊ लागलो. वार म्हणजे पाळी, खेप. त्यावरूनच वारंवार, त्यावरूनच आठवड्याचे वार. आमचा आठवडी बाजार सहा लाख चार हजार आठशे सेकंदांनी एकदा भरतो, मोटर सेकंदाला शंभरदा गुणगुणते, आणि रब्बीतल्या जळक्या मोटरी वर्षातून एकदा येतात. शब्द एकच पुरतो.

शेतीची लाईन एक आठवडा दिवसा आठ तास तर एक आठवडा रात्री दहा तास अशी पाळीने मिळत आली. रात्रीच्या पाळीला थंडीत, रानडुकरांच्या भीतीत, बॅटरी घेऊन वावरात जाणं मी स्वतः केलं आहे. माझ्या मोठ्या भावाने त्याला कंटाळून मागच्या वर्षी सौर पंप बसवला. मला त्या पंपाबद्दल मनात थोडी अढी होती, कारण तो साऱ्या देशाच्या तालाबाहेर, एकटाच वाजतो. त्याच्या पेटीतलं यंत्र ऊन पाहून स्वतःची वारंवारिता ठरवतं. ऊन कमी तर तीस, ऊन वाढलं तर चाळीस, दुपारी पन्नास. ढग आला की मोटरचा सूर मींड घेतल्यासारखा खाली घसरतो आणि ढग सरला की तसाच चढतो.

पौषातल्या एका सकाळी पोरीला घेऊन मी तिथे गेलो. हरभऱ्यावर दव होतं. ऊन अजून कोवळं होतं, पाइप कोरडा, पंप हळूहळू फिरायला लागलेला. ती यंत्राच्या पडद्यासमोर उभी राहिली आणि मी पडद्याकडे पाठ करून पाइपवर तळहात ठेवून बसलो. मी सूर ओळखून आकडा सांगायचा आणि तिने तपासायचा, असं ठरलं होतं.

"अठ्ठावीस."

"एकोणतीस. जवळ आहे, बाबा."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि याच्यावर एक बारीक शिट्टी येते, ती कायची?" मी कान दिला. मला फक्त गूं ऐकू येत होती. यंत्रातले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमिट करतात, त्यांची शिट्टी असणार हे मी जाणत होतो. "मले नाही येत ऐकू," मी म्हणालो. "तीस वर्षं ग्राइंडरजवळ बसलो. तू सांग, कशी आहे?" तिने गळ्यातून काढून पाहिली. "एवढं वर नाही जाता येत," ती म्हणाली, आणि दोन सप्तक खाली येऊन तोच सूर मला गाऊन दाखवला.

ऊन धुऱ्यावरच्या बाभळीच्या वर आलं. पाइप तळहाताखाली थरथरायला लागला.

"छत्तीस," मी म्हणालो.

"सदोतीस."

अडतीसला पाइपात हवा हुंकारली, आणि पाणी आलं.